दोन खाचांचा वीर

माझा केरूमामा देव मानत नाही, हे मखमलाबादेत शेंबड्या पोरालाही माहीत आहे. तरी नवरात्र जवळ आलं की देवळाची मंडळी त्याच्याच दारात येतात, कारण मांडवाची लायटिंग त्याच्यासारखी कुणाला जमत नाही. मामा जन्मभर वीज कंपनीत वायरमन होता, आता रिटायर झालाय. तो मुकाट्यानं जातो, नऊ दिवस माळा सांभाळतो, एखादा बल्ब गेला की या वयातही शिडीवर चढतो आणि आरती सुरू झाली की बाहेर पायरीवर येऊन बसतो. हात जोडत नाही. पुजारी त्याचा प्रसाद बाहेर आणून देतात. तो मात्र आवडीनं खातो आणि वर अजून थोडा मागून घेतो.

लोकांना याचं कारण हवं असतं. कुणी म्हणतं, युनियनमध्ये होता, तिथं बिघडला. कुणी म्हणतं, चार पुस्तकं जास्त वाचली. आणि गेल्या सहा वर्षांत तर सगळ्यांनी मिळून एक कारण पक्कं करून टाकलंय, की पोरगा गेला म्हणून देवावर रुसला. हे ऐकलं की माझं डोकं फिरतं. मामाचा एकुलता एक मुलगा भारत तेविसाव्या वर्षी पेठ रोडवर मोटरसायकलच्या अपघातात गेला, हे खरं. पण मामा त्याच्या आधीही मानत नव्हता. कॉलेजची तीन वर्षं मी त्याच्याच घरी राहून काढली आहेत, मला ठाऊक आहे. अहो, रुसायला आधी ओळख तरी असावी लागते.

खरं कारण त्यानं मला एकदा सांगितलं होतं. तेव्हा मी बी.एड. करत होते आणि वाद घालायची मला भारी हौस होती. मी त्याला विज्ञान वगैरे ऐकवायला गेले, की मीही तुझ्याच पार्टीतली आहे. तो हसला.

"विज्ञानाचं काय नाय गं त्यात," तो म्हणाला. "मी आठ वर्षांचा असंन. आईनं वणीच्या गडावर नेलं. लय गर्दी. आईनं मला उचलून देवीपुढं धरलं, म्हणली, माग काहीतरी. मी बघितलं. मूर्ती लय भारी होती, एवढाले डोळे. शेजारी सगळी बायामाणसं रडत होती. आईच्या तोंडावरून पाणी वाहत होतं. आन् मला काहीच होईना. मला वाटलं, सगळ्यांना कायतरी ऐकू येतंय आन् मीच बहिरा हाय. लय घाबरलो होतो मी भाग्ये."

"मग?"

"मग काय. बरीच वर्षं खोटंखोटं हात जोडले. लग्न झाल्यावर तुझ्या मामीला विचारलं, डोळे मिटल्यावर काय होतं तुला? ती म्हणली, काय होतं म्हंजे? तिथं कुणीतरी असतं. इतकं साधं सांगितलं तिनं. मला तिचा हेवा वाटला. अजून वाटतो. नंतर मी हात जोडायचं सोडलं. ज्याचं त्याला लखलाभ, आपण सोंग कशाला करायचं."

माझी मामी कुसाबाई देवाधर्माची. सोमवार, चतुर्थी, एकादशी, काही सोडत नाही. पस्तीस वर्षं दोघं एका घरात नांदली आणि या एका गोष्टीवरून त्यांच्यात कधी मोठं भांडण झालं नाही. झालं ते एकदाच, भारत गेल्यावर.

आमच्याकडे घरातलं कुणी लग्नाआधी, अवेळी गेलं, तर त्याला वीर म्हणून देव्हाऱ्यात बसवतात. सोनाराकडून चांदीचा छोटा टाक करून घ्यायचा, दोन बोटांएवढा. त्यावर घोड्यावर बसलेला तलवारवाला वीर. रोज हळदीकुंकू, आणि वर्षातून एकदा धुळवडीला त्याला वाजतगाजत गंगेवर, म्हणजे गोदावरीवर न्यायचं, रामकुंडात अंघोळ घालायची आणि परत आणायचं. त्या दिवशी नाशकात नुसती हलगी वाजत असते, आणि घाटावर ज्याच्या त्याच्या हातात आपापला वीर.

वर्षाच्या आत मामाचे थोरले भाऊ पुंजामामा टाकाचं बोलायला आले, तेव्हा केरूमामा भडकला. त्याला इतकं मोठ्यानं बोलताना मी पहिल्यांदा ऐकलं.

"त्याला देव करू नका," तो म्हणाला. "देवाशी माझं जमत नाय. पोराशी जमत होतं."

पुंजामामा समजावत राहिले, की त्याला जागा नको का, त्यानं काय वाऱ्यावर फिरायचं का. मामीनं त्या दिवसापासून जेवण टाकलं. चौथ्या दिवशी मामा म्हणाला, करा काय करायचं ते, मी हात लावणार नाही. टाक घडवून आला. मामानं लांबून बघितला आणि म्हणाला, "घोड्यावर बसवलाय होय? घोड्याला केवढा भ्यायचा. मावशीच्या लग्नात वरातीचा घोडा फुरफुरला तर माझ्या मागं लपला होता." एवढं बोलून तो बाहेर निघून गेला.

त्यानंतर दर धुळवडीला पुंजामामा वीर घेऊन पुढं असायचे, मामी ताट घेऊन मागं. मामा घरीच राहायचा.

यंदाही तसंच झालं. मी पंचवटीत राहते, तिथल्याच शाळेत शिकवते, त्यामुळे मी सरळ घाटावर गेले. ही गर्दी. पुंजामामांनी टाक काढून ताम्हनात ठेवला, पाणी घातलं, हळद लावली. पायरीवर आम्हाला लागूनच दुसऱ्या घरची मंडळी बसली होती, त्यांचाही वीर, त्यांचंही ताम्हन. धक्काबुक्की चालली होती, मागून लोक ओरडत होते, उरका, उरका. मी मोबाईलवर व्हिडिओ काढत होते. उरकलं, आणि आम्ही आपापल्या घरी गेलो.

दहा-बारा दिवसांनी मामाचा फोन आला. तो फोन करणाऱ्यांतला माणूस नाही.

"भाग्ये, धुळवडीला तू मोबाईलवर ते काढलं ना, ते घेऊन ये. मामीला सांगू नको."

मी गेले. मामी शेजारी हळदीकुंकवाला गेली होती. मामानं व्हिडिओ चार वेळा बघितला, चष्मा पुसून पुन्हा बघितला. मग म्हणाला, "घरात हाय तो टाक भारतचा नाय."

मला आधी कळेचना. सगळे वीर सारखेच. घोडा, तलवार, फेटा. घरातल्या देव्हाऱ्यात तर रोज पूजा चालली होती, मामीला काही वावगं दिसलं नव्हतं. "तुला कसं कळलं?" मी विचारलं.

मामा खोलीत गेला आणि आपली जुनी पकड घेऊन आला. पकडीच्या दांड्यावर कानशीनं पाडलेल्या दोन बारीक खाचा होत्या. वायरमन लोक असंच करतात. चारजण एका खांबावर काम करतात, हत्यारं एकमेकांत मिसळतात, म्हणून ज्यानं त्यानं आपली खूण करून ठेवायची. मामाची खूण दोन खाचा. पकडीवर, टेस्टरवर, पान्यावर, सगळीकडे.

"टाकाच्या मागल्या अंगाला पण पाडल्या होत्या," तो म्हणाला. "आणला त्याच आठवड्यात. हरवू नये म्हणून."

"पण मामा, तू तर हातच लावत नव्हतास."

"दुपारी तुझी मामी झोपती. तेव्हा घेतो जरा हातात."

"कधीपासून?"

"सहा वर्षं झाली."

माझे डोळे भरून आले, आणि मला मामाचा रागही आला. सहा वर्षं हा माणूस चोरासारखा स्वतःच्या घरात स्वतःच्या पोराला भेटत होता. आणि आता दहा दिवस एकटाच गप्प बसून होता, कारण टाक बदललाय हे सांगायचं तर त्याला हेही सांगावं लागणार होतं. मी म्हटलं, आज सांगायचं. तू नाही सांगितलंस तर मी सांगते.

त्यानं जेवताना सांगितलं. पुंजामामाही होते. मामी वाढता वाढता थांबली. मला वाटलं, आता ही कोसळते. पण ती म्हणाली, "मला म्हाईत होतं तुम्ही घेता ते. दुपारनंतर टाकावरचं कुंकू पुसलेलं असायचं."

"मग बोलली नाय कधी?"

"मला वाटलं, हळूहळू देवाला लागलात," मामी म्हणाली. "म्हटलं बोललं तर लाजतील आन् सोडून देतील. म्हणून गप राहिले."

मामानं मान खाली घातली. "देवासाठी नाय गं घेत," तो म्हणाला. मामीनं पदर तोंडाला लावला. सहा वर्षांची तिची आशा त्या एका वाक्यात गेली. ती आत जाऊन देव्हाऱ्यापुढं बसली आणि तिनं टाक उलटा करून बघितला.

पुंजामामा शहाणपण सांगायला लागले. "केरू, देवात कसला आला फरक? हा काय, तो काय. आपला भाव खरा असला म्हंजे झालं. कुणाच्या रूपानं का होईना, वीर घरात हाय ना?"

"तुमच्या देवात नसंल फरक, दादा," मामा म्हणाला. "माझ्या पोरात हाय."

मग शोध सुरू झाला. व्हिडिओत शेजारच्या मंडळींपुढं एक हलगीवाला दिसत होता. मामानं त्याला ओळखलं, तो मंगळू. अर्ध्या तालुक्याला मामानं कनेक्शनं जोडून दिलीत, त्यामुळे माणूस सापडायला वेळ लागत नाही. मंगळूनं फोनवर लगेच सांगितलं, "त्या नाशिक रोडच्या लताबाई. नोटांच्या प्रेसच्या मागल्या कॉलनीत राहत्यात. दरसाल मीच वाजवतो त्यांच्याकडं."

रविवारी मामा आणि मी निघालो. तो दुसरा टाक मामीनं नव्या खणात गुंडाळून, नारळासकट पिशवीत घालून दिला होता. परक्याचा का असेना, वीर होता, तिनं रिकाम्या हातानं पाठवला नाही. मामीला चल म्हटलं तर ती म्हणाली, तिथं नसला तर मला सोसायचं नाही.

लताबाई तिसऱ्या मजल्यावर राहत होत्या. लिफ्ट नव्हती. मामा मध्ये दोनदा थांबला, दम लागला म्हणून, असं तो म्हणाला. सत्तरीच्या विधवा बाई, मोठं कुंकू नाही पण चेहरा लख्ख. मुलगा-सून बाहेर गेली होती. आम्ही कशाला आलोय ते मी नीट सांगितलं. त्यांनी देव्हाऱ्यातून टाक आणून मामाच्या हातावर ठेवला. मामानं तो उलटा केला नाही. नुसता अंगठा मागून फिरवला, आणि डोळे मिटले.

"हाच," तो म्हणाला.

लताबाई एकदम कावऱ्याबावऱ्या झाल्या. "बसा, पाणी घ्या," म्हणाल्या, आणि स्वतःच खाली बसल्या. "दादा, एक सांगू का? रागावू नका. हा इथंच राहू दे. आमचा तुम्ही घेऊन जा."

मी म्हटलं, "असं कसं, आजी?"

"आमचा वीर कोण, हे कुणालाच ठाऊक नाही बघा. सासऱ्यांच्या आजाचा भाऊ म्हणतात. नाव नाही, गाव नाही. मी या घरात आले तेव्हापासून पूजते, कधी काही मागितलं नाही, कधी काही मिळालं नाही. यंदा धुळवडीनंतर मी म्हटलं, आता माझे किती दिवस राहिलेत? म्हणून हात जोडून मागितलं. माझी नात तृप्ती, तीन वर्षं तिचं लग्न जमत नव्हतं. येणारा प्रत्येक जण काहीतरी खोड काढायचा. मागितलं आणि नवव्या दिवशी जमलं. स्थळ स्वतः चालून आलं. आता कळतंय ना मला, कुणी केलं ते. तुमच्या लेकानं केलं."

मामा टाकाकडे बघत होता. "भारतनं?" त्यानं विचारलं.

"भारत नाव का? मग भारतनंच."

"तुम्ही मागितलं, ते त्याला ऐकू आलं?"

"ऐकलं म्हणून तर झालं, दादा."

खाली कॉलनीत पोरं क्रिकेट खेळत होती, त्यांची आरडाओरड वर येत होती. मामाचा आवाज मला नीट ऐकूही येईना, इतका बारीक झाला होता.

"मी सहा वर्षं रोज दुपारी त्याला हातात घेऊन विचारतो, बाई. एकदाबी बोलला नाय. आन् तुमचं नऊ दिवसांत ऐकलं."

लताबाईंनी विचारलं, "काय विचारता?"

"जास्त काय नाय. दुखलं का, एवढंच. लोक म्हणले, जागच्या जागी गेला, त्याला कळलंसुद्धा नाय. पण म्हणणारांतलं कुणीच तिथं नव्हतं. मला त्याच्याकडून पायजे होतं."

लताबाई उठल्या. मामाच्या हातातून टाक घेतला, ओल्या फडक्यानं पुसला, कोरड्या फडक्यानं पुसला, आणि कपाटातून आपल्या चोळीचा नवा खण काढून त्यात गुंडाळला. पुन्हा ठेवून घेण्याचं नाव काढलं नाही. "त्याला आवडायचं काय?" एवढंच विचारलं. मामा म्हणाला, "कांदाभजी. आन् शिळ्या भाकरीचा काला." मग तो सांगतच सुटला. भारतनं पहिल्यांदा दाढी केली तेव्हाचं, कुठलाही मोबाईलचा टॉवर दिसला की पेठमधलं मित्राचं घर आलं म्हणायचा ते, चप्पल नेहमी उलटी काढायचा ते. तासभर. घरी त्याचं नाव निघालं की मामी रडायची, म्हणून तो कधी बोललाच नव्हता. लताबाई ऐकत होत्या आणि मी खिडकीकडे तोंड करून बसले होते.

निघताना त्यांनी आपला बिननावाचा वीर उचलून देव्हाऱ्यात ठेवला आणि त्याला म्हणाल्या, "ये रे बाबा, तुझं तरी कोण आहे."

परतीच्या बसला गर्दी नव्हती. मामा खिडकीशी बसला, पिशवी मांडीवर. मला राहवेना. मी सायन्सची बाई, तरी विचारलंच.

"मामा, समज, खरंच त्यानं ऐकलं असेल तर?"

त्यानं लगेच झिडकारलं नाही. माझ्याकडे वळून बघितलं. "तुला काय वाटतं, मला नको हाय? मला तर लय पायजे हाय गं. ती बाई बोलत होती तेव्हा माझ्या मनात आलं, पटकन हात जोडून टाकावं, काय बिघडतंय." मग म्हणाला, "पण मग तो हाय, असं होतं ना. तो हाय, आन् बापाशी बोलत नाय. परक्या बाईचं काम नऊ दिवसांत करतो आन् बापाला एका शब्दाचं उत्तर देत नाय. हे मला झेपायचं नाय, भाग्ये. तो कुठंच नाय, हे मी सहा वर्षांत कसंबसं सोसायला शिकलोय."

उतरायच्या आधी तो म्हणाला, "मामीला ते लग्नाचं सांग. नीट सगळं सांग. मी सांगितलं तर तिला खरं वाटायचं नाय."

मामी दारातच उभी होती. तिनं पिशवी घेतली, टाक काढला, उलटा करून दोन खाचा बघितल्या, आणि त्याला छातीशी धरूनच आत गेली. मग मी तिला लताबाईंचं सांगितलं. तिचा चेहरा असा उजळला, की गेली सहा वर्षं मी तो चेहरा विसरूनच गेले होते. "माझा भारत पावला?" ती म्हणाली. "परक्या पोरीचं लग्न जमवलं? सांग ना परत, काय मागितलं तिनं? कुठल्या वारी?" मी परत सांगितलं.

मामा बाहेर ओट्यावर पाठ करून बसला होता. गावाचे पंखे दुरुस्त करणाऱ्या माणसाच्या स्वतःच्या घरचा पंखा मात्र वर्षानुवर्षं खडखडतो, आतलं बोलणं बाहेर ऐकू जात नाही. मामीनं तिसऱ्यांदा विचारलं, मी पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागले, तेव्हा तो उठून आत आला, आमच्याकडे न बघता त्यानं पंख्याचं बटण बंद केलं, आणि या वेळी उंबऱ्यावरच, आत तोंड करून बसला.